वर्ष संपायच्या आत

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी ईशान आणि आश्लेषा अमेरिकेत ट्रॉयमधल्या आपल्या घरी टॅक्स भरायला बसले. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ईशानची नोकरी गेली होती. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या त्याच्या कंपनीने सगळा ग्रुपच बंद केला, आणि तेव्हापासून घर चालत होतं ते आश्लेषाच्या कॉलेजातल्या पगारावर.

"यंदा मी तुझ्या टॅक्समधली सूट," ईशान म्हणाला. तो हसला, पण आश्लेषाला ते हसणं आवडलं नाही.

तिला एकदम बारा वर्षांपूर्वीचा डिसेंबर आठवला. शेजारी सीरियल खात बसलेल्या लेकीला, आन्याला, ती म्हणाली, "तुला माहितीये, तुझ्या बाबाने आणि मी आधी टॅक्ससाठी लग्न केलं होतं?"

"व्हॉट?" आन्याने चमचा खाली ठेवला.

मग आश्लेषा सांगत गेली.

तेव्हा ती अ‍ॅन आर्बरला पीएचडी करत होती. स्टायपेंडमधून भाडं आणि भाजी कसंबसं भागायचं. ईशान ट्रॉयमध्ये नोकरीला होता आणि मोरेश्वरकाका आणि शोभनाकाकू या दांपत्याच्या बेसमेंटमध्ये राहायचा. लग्न फेब्रुवारीत नागपूरला ठरलं होतं. नोव्हेंबरात ऑफिसमधल्या रवीने ईशानला सांगितलं, की वर्षाच्या शेवटच्या दिवशी लग्न झालेलं असलं, तर इथलं सरकार अख्खं वर्ष तुम्हाला नवरा-बायको धरतं. एकाचा पगार बरा आणि दुसऱ्याचा नावापुरता असेल, तर एकत्र रिटर्न भरल्यावर टॅक्स चांगलाच कमी बसतो.

ईशानने हे फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका अवघडला होता, की काहीतरी भलतंच मागतोय असं वाटावं. आश्लेषाने एवढंच विचारलं, वाचलेल्या पैशांत आईचं अमेरिकेचं तिकीट येईल का? येईल, तो म्हणाला. झालं, तिथेच ठरलं.

आईला, सुमित्राबाईंना, मात्र सांगायचं नाही असंही ठरलं. एकट्या बाईने मुलीच्या लग्नाचा हॉल कधीच बुक केला होता आणि ती वर्षभर एकेक साडी जमवत होती. तिला हे कोणत्या तोंडाने सांगणार?

डिसेंबरात कोर्टात लग्न करायचं ठरलं, आणि साक्षीदार म्हणून काका-काकू आले. काकांना ही सगळी कल्पना एकदम पटली होती. काकू आठवडाभर कुरकुरल्या, पण त्या दिवशी थंडीच्या जाड कोटाखाली पैठणी नेसून आल्या. गाडीतच त्यांनी दोघांना कुंकू लावलं. ईशान ऑफिसच्या शर्टात होता. आश्लेषाने जीन्स बदलायची तसदीही घेतली नव्हती. सही करायची आणि निघायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मॅजिस्ट्रेट पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी आश्लेषाकडे बघून शांतपणे विचारलं, की आजारपणात, अडचणीत, चांगल्या दिवसांत तू या माणसाबरोबर राहशील का? आणि त्या थांबल्या. आश्लेषाने आजवर पाहिलेल्या लग्नांत सगळं गुरुजीच म्हणायचे. इथे तिला स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचं होतं. "हो," ती मराठीतच म्हणाली, आणि मग घाईघाईने इंग्रजीत.

काकूंनी घरी साखरभात केला होता. तो खाऊन ईशान तिला अ‍ॅन आर्बरला सोडायला गेला, कारण फेब्रुवारीपर्यंत आपापल्या जागी राहायचं असं दोघांनीच ठरवलं होतं. "चल, भेटू," तो म्हणाला. ती वर गेली. खिडकीतून पाहिलं तर गाडी तिथेच उभी, काचेवर बर्फ साचत चाललेला. ती तशीच खाली आली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. काय बोललो ते आठवत नाही, आश्लेषा म्हणाली, पण हीटरचा आवाज अजून आठवतो.

पुढच्या उन्हाळ्यात आई आली, त्याच पैशांच्या तिकिटावर. चहा गाळता गाळता आश्लेषाने एकदाचं सांगून टाकलं.

"म्हणजे हळद लावली तेव्हा तुझं लग्न झालेलं होतं," आई म्हणाली. नंतर दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी साडी नेसून तयार झाली आणि म्हणाली, ते कोर्ट मला दाखवा.

ज्या खोलीत लग्न झालं तिथे कुठलातरी खटला चालला होता. आई बाहेरच, कॉरिडॉरमध्ये थांबली. रुमालाची गाठ सोडून तिने अक्षता काढल्या आणि दोघांच्या डोक्यावर टाकल्या. गार्ड बघत राहिला. ईशान गुडघ्यावर बसून तांदूळ वेचायला लागला.

"फोन तरी लावायचा होतास," आई आश्लेषाला म्हणाली. "टॅक्ससाठी का असेना, मी ऐकलं असतं."

आश्लेषा थांबली. आन्याने विचारलं, "सो विच वन इज द रिअल वन?"

"दोन्ही," आश्लेषा म्हणाली. "पण मला कोर्टातलंच जास्त आठवतं."

ईशान मघापासून लॅपटॉपकडे बघत ऐकत होता. नोकरी गेल्याचं सासूबाईंना कळू द्यायचं नाही, असं त्याने वर्षभर बजावून ठेवलं होतं. दर रविवारी त्या विचारायच्या, ऑफिस कसं चाललंय, आणि तो म्हणायचा, चाललंय. त्याने लॅपटॉप बाजूला सरकवला आणि फोन उचलला. नागपूरला संध्याकाळ झाली होती.

"आई, एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं, नोकरी कधी गेली, किती ठिकाणी अर्ज केले, आश्लेषा कशी सगळं ओढतेय.

सुमित्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ईशानराव, स्वयंपाक कोण करतं आता?"

"मीच करतो."

"आज काय केलंत?"

"अजून काही नाही. वांगी आणलीत."

"मग भरीत करा," त्या म्हणाल्या. "फोन ठेवू नका. मी सांगते तसं करत जा."

ईशानने फोन ओट्यावर उभा करून ठेवला आणि वांगी धुवायला घेतली.