रकाना सतरा

त्या पत्राला मी उत्तर दिले नाही, हे एकोणीस वर्षे फक्त माझे गुपित आहे, अशी माझी समजूत होती. ती चुकीची आहे हे मला माझ्याच दारात उभ्या असलेल्या एका बाईने सांगितले.

"फॉर्मवाले साहेब तुम्हीच का?"

मी हो म्हणालो की नुसती मान हलवली, आठवत नाही. अनोळखी माणूस समोर आला की माझा आवाज आधी पळतो आणि मी त्याच्या मागे. बायकोनेच आतून उत्तर दिले. "फॉर्मवाले कसले, फॉर्मच आहेत ते. या ना आत."

ती आत आली नाही. तिशी उलटलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांच्या कडांना कितीही धुतले तरी न जाणारा काळेपणा. "मी लेथमास्तरांची मुलगी," ती म्हणाली. "बाबांनी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. पोचलं होतं ना?"

"पोचलं होतं."

"बरं झालं विचारलं. आम्ही इतकी वर्षं उगाच पोस्टमनला शिव्या देत होतो."

मग तिने कामाचे सांगितले. शाळेतला मास्तरांचा बंद पडलेला लेथचा वर्ग पुन्हा सुरू होणार होता. नवी यंत्रे येणार होती, नवा मास्तरही मिळाला होता, पण तो पुस्तकातून आलेला. त्याला हाताला धरून शिकवायला आठवड्यातून दोन दिवस जुन्या मास्तरांना बोलवावे, असे कुणीतरी सुचवले. मग फाइल निघाली. फाइलमध्ये माझ्या अक्षरात एक वाक्य होते: शिक्षकाच्या निष्काळजीपणामुळे यंत्र निकामी झालेले आढळले. व्यवसाय शिक्षण समितीतला एक सदस्य ते वाचून म्हणाला, हा माणूस नवी यंत्रंही मोडून ठेवेल.

"दोन ओळी लिहून द्या," ती म्हणाली. "ते वाक्य चूक होतं, एवढंच. मी आलेय हे बाबांना माहीत नाही. कळलं तर मला उंबरा ओलांडू देणार नाहीत."

"मी विचार करतो."

"करा की. सवय आहे तुम्हाला." जाता जाता ती वळली. "पुढच्या आठवड्यात तुमचा सत्कार आहे म्हणे समितीत. त्याच फॉर्मसाठी. घाई असेल तुमची."

सत्कार होता, हे खरे. शाळांमधल्या व्यवसाय शिक्षणाच्या वर्गांचे मूल्यमापन करण्याचा बावन्न रकान्यांचा फॉर्म मी तयार केला होता. आयुष्यात दुसरे काही केले असे मला सांगता येत नाही. मी भाषा शिकलेला माणूस. नोकरीच्या गरजेने त्या खात्यात गेलो आणि लेथ, वेल्डिंग, शिवणकाम, विजेची जोडणी अशा कुठल्याच विषयातले काही न कळता त्या सगळ्यांना गुण देत राहिलो. फॉर्म मला त्यासाठीच हवा होता. रकाने असले की आपल्याला काही येत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. लोक त्याला शिस्त म्हणाले. आता त्याची सुधारित आवृत्ती निघणार होती आणि ती माझ्या हातात देऊन माझा फोटो काढणार होते.

रकाना सतरा असा होता: यंत्रे चालू स्थितीत आहेत काय? होय किंवा नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या दिवशी मी मास्तरांच्या शाळेत तपासणीला पोचलो तेव्हा बारा मुलेमुली जमिनीवर बसली होती. लेथ, म्हणजे लोखंड फिरवत फिरवत कापण्याचे ते अवजड यंत्र, पोट उघडून ठेवल्यासारखा पडला होता. त्याची दातेरी चाके एका जुन्या चादरीवर ओळीने मांडली होती, प्रत्येकाखाली खडूने आकडा. मी विचारले, "हे चालतं का?"

मास्तर म्हणाले, "आत्ता नाही. दोन तासांनी चालेल. बसा ना."

मला अजून दोन शाळा करायच्या होत्या. जीप बाहेर उभी होती. शिवाय मला ओशाळल्यासारखे झाले. बसलो असतो तर कुणीतरी काहीतरी विचारले असते आणि मला त्यातले एकही चाक ओळखता आले नसते. मी सतरा नंबरला "नाही" लिहिले. शेऱ्याच्या जागेत एखादे भारदस्त वाक्य हवे, म्हणून ते निष्काळजीपणाचे वाक्य लिहिले. नुसते "नाही" मला उघडे वाटत होते.

पुढच्या शाळेत तीन कोरी यंत्रे कुलपात होती. मुख्याध्यापकांनी किल्ली मागवली, बटण दाबले, घुर्र आवाज झाला. होय. त्या शाळेला अठ्ठ्याऐंशी गुण पडले. लेथमास्तरांच्या वर्गाला एकेचाळीस, आणि पंचेचाळीसच्या खालचे वर्ग त्या वर्षी बंद झाले.

पत्र महिन्याभराने आले. यंत्र पूर्ण उघडून पुन्हा जोडायचे, ही आमची वर्षअखेरची परीक्षाच होती, असे त्यात लिहिले होते. आपण थांबला असता तर ते आपल्यासमोर चालू झाले असते. पुन्हा एकदा यावे. त्यात एकही वाकडा शब्द नव्हता, म्हणूनच मला उत्तर सुचेना. लिहायला बसलो की भाषा चांगली जमायची आणि मजकूर खोटा व्हायचा. मी पत्र एका पुस्तकात ठेवले, मग ते पुस्तक वाचणे सोडून दिले.

मुलगी येऊन गेल्यावर दोन दिवसांनी मी मास्तरांकडे गेलो. तोंडी माफी मागून टाकावी, असा विचार होता. तोंडी माफीची फाइल होत नाही.

ते खिडकीशी बसून स्क्रू निवडत होते. डब्यातला एकेक स्क्रू अंगठ्याने चाचपायचे आणि समोरच्या चार वाट्यांपैकी एकीत टाकायचे. डोळ्यांवर जाड भिंगे होती, पण बघत ते खिडकीबाहेर होते. मी कोण ते सांगितल्यावर हात थांबला नाही.

"पत्राचं उत्तर घेऊन आलात?"

"मी... समक्ष बोलावं म्हटलं."

"बसा म्हणणार नाही. तुम्हाला बसायला वेळ नसतो."

मी उभाच राहिलो. मनात जुळवून आणलेली वाक्ये म्हणून टाकली. खेद वाटतो, त्या वेळची परिस्थिती, कामाचा व्याप. शेवटी म्हणालो, "फॉर्ममध्ये तसं लिहायला जागाच नव्हती, मास्तर."

"फॉर्म कुणी केला?"

"मी."

"मग जागा नव्हती म्हणू नका. ठेवली नव्हती म्हणा."

एक स्क्रू चुकीच्या वाटीत पडला. त्यांनी तो शोधून काढला, पुन्हा चाचपला आणि योग्य वाटीत टाकला.

"तुमची जीप गेली आणि दोन तास दहा मिनिटांनी लेथ चालू झाला," ते म्हणाले. "दहा मिनिटं माझ्यामुळे. मी बोलत बसलो. वर्ग बंद झाल्यावर भंगारवाला आला. त्यानं बटण दाबलं, एक लोखंडाचा तुकडा लावून कापून बघितला. मला म्हणाला, मास्तर, चांगलं चालतंय की, विकताय कशाला? काय सांगणार त्याला? भंगारवाला पाऊण तास थांबला हो. तुम्ही साहेब."

मी खाली बघितले.

"माझ्या मुलीनं पाठवलं ना तुम्हाला? आंधळा झालोय, बहिरा नाही. तिला वाटतं मला पुन्हा शिकवायला जायचंय. नजर अशी, मी काय शिकवणार डोंबल. जाईनही कदाचित, हातानं दाखवता येतं पुष्कळ. पण ती स्वतःचं बोलली का काही?"

"नाही."

"नाहीच बोलणार. त्या बारांत तीपण होती. तुमच्या एका वाक्यावरून खात्यानं परीक्षाच रद्द धरली. यंत्र निकामी, मग परीक्षा कशावर घेतली म्हणाले. बाराजणांपैकी कुणाला प्रमाणपत्र मिळालं नाही. ती आज एका कारखान्यात पोरांना लेथ शिकवते आणि कागदावर मदतनीस आहे. माफी मला नका मागू. मला माफीचा काही उपयोग नाही. दार ओढून घ्या जाताना."

घरी येऊन मी लिहायला बसलो. पहिला मसुदा चार पानांचा झाला. बायकोने तो उभ्या उभ्या वाचला.

"यात 'मी' किती वेळा आलंय मोजलंत? हे पत्र आहे की सत्काराचं भाषण?"

"कबुली आहे ती."

"कबुलीत इतके अलंकार असतात होय? चोर इतका नटून पोलिसात जात नाही."

दुसरा मसुदा दोन पानांचा झाला, तिसरा एक. प्रत्येक खेपेला जे वाक्य मला सर्वांत आवडे त्यावर तिने बोट ठेवले आणि मी ते खोडले. खोडताना वाईट वाटत होते, हेही लिहून ठेवतो. इतका मी सुधारलेलो नाही. शेवटी उरले ते असे:

आपले पत्र मिळाले. त्या दिवशी यंत्र चालू झाले होते. आपण दोन तास मागितले होते, ते मी दिले नाहीत. मला लेथमधले काही कळत नव्हते आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी निष्काळजीपणाचे वाक्य लिहिले. निष्काळजीपणा आपला नव्हता. आपल्या बारा विद्यार्थ्यांची परीक्षा त्या दिवशी पूर्ण झाली होती. रकाना सतरा: होय.

त्याची एक प्रत समितीच्या पाकिटात घातली आणि सोबत वेगळ्या कागदावर लिहिले की सत्काराला मी येणार नाही, आणि तपासनीस एखादा धडा सुरू होण्यापासून संपेपर्यंत वर्गात बसणार नसेल तर सुधारित फॉर्म छापू नये. समितीतल्या एका गृहस्थांनी दुपारी फोन केला, मी सत्काराला येत नाही हे बायकोने सकाळीच फोनवर कळवून टाकले होते. "साहेब, या वयात स्वतःच्या पायावर धोंडा कशाला?" मी काहीतरी पुटपुटलो. धीट उत्तर मला संध्याकाळी सुचले. तेही आता विसरलो.

दुसऱ्या दिवशी पोस्टात खिडकीशी बसलेल्या मुलीने दोन्ही पाकिटे तोलली. "रजिस्टर करायची?"

"हो."

"पाठवणाऱ्याच्या नावाखाली हुद्दा लिहिलाय आणि खोडलाय. नीट दिसत नाही. काय आहे ते?"

"काही नाही. खोडलेलंच राहू द्या."

तिने शिक्का मारला. आजची तारीख उमटली. पाकिटे तिने मागच्या पोत्यात टाकली आणि म्हणाली, "पुढचे कोण?"

मी बाजूला झालो.