एक्केचाळीस नंबरची कडू बाटली

मी एक्केचाळीस नंबरची बाटली बोलतेय. तपकिरी काच, काळं झाकण. हल्ली माझ्या पोटात शर्टाची बटणं राहतात. पण एके काळी माझ्यात असं कडू पाणी होतं की नुसत्या वासानं तुमचं तोंड वाकडं झालं असतं, आणि त्या पाण्यावर एका बाईंची तीन वर्षांची मेहनत अवलंबून होती.

त्या बाई प्रयोगशाळेतल्या. एका वेलीचा पाला वाळवून, भिजवून, आटवून त्यांनी अर्क काढला होता. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला तो घेतला, तर रक्तातली साखर आणखी आटोक्यात राहते का, हे त्यांना पाहायचं होतं. निम्म्या बाटल्यांत खरा अर्क होता, निम्म्यांत नुसतं कडू केलेलं पाणी. रंग तोच, चव तीच. कोणत्या नंबरात काय, ही यादी बंद पाकिटात, औषधवाल्याच्या कपाटात. बाईंनाही ठाऊक नव्हतं आणि आम्हा बाटल्यांनाही नाही. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं की आपण खऱ्याच. प्रत्येकीला तसंच वाटत असणार म्हणा.

मला घरी नेलं एका शिंपीकाकांनी आणि माझ्या शेजारच्या बेचाळीस नंबरला त्यांच्या बायकोनं. काकूंनाही मधुमेह होताच. रोज सकाळी शिलाई मशीनजवळ उभं राहून दोघं आपापल्या बाटलीतलं झाकणभर घ्यायची. काका नाक दाबून, काकू डोळे मिटून. दर पंधरवड्याला रक्त तपासायला जायचं आणि आम्हाला पुन्हा भरून आणायचं.

तिसऱ्याच दिवशी काकूंच्या मनात पाल चुकचुकली. एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं मिळालं असेल तर? त्या घरात सगळं निम्मं निम्मं चालायचं. वर्तमानपत्राची पानं वाटून, एक केळं दोघांत. मग औषधानंच काय घोडं मारलं होतं? काकूंनी आम्हा दोघींना एका पातेल्यात रिकामं केलं, चमच्यानं ढवळलं आणि पुन्हा समसमान भरलं. काकांनीही मान डोलावली. मी काचेची, ओरडणार कशी? बाईंच्या चाचणीचे तीनतेरा वाजले होते आणि त्यांना पत्ताही नव्हता.

असं तीन महिने चाललं. शेवटच्या तपासणीला बाई भलत्याच खुशीत होत्या. पन्नासजण होते, त्यातले दहा चवीला भिऊन पळाले. बरोबर चाळीस उरले आणि त्यातला एक जरी गळला असता, तरी अहवाल कुणी हातात धरला नसता. तुमच्यासारखी शिस्तीची माणसं होती म्हणून निभावलं, असं त्या म्हणाल्या मात्र, काकूंचा चेहरा पडला.

“पोरी, आमचे आकडे धरू नकोस,” त्या म्हणाल्या. “आम्ही दोन्ही बाटल्या एकत्र करून प्यायलोय. पहिल्या आठवड्यापासून.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, “पण का?”

“एकटीनंच बरं व्हायचं, ते कसं?”

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांना हसूही आवरत नव्हतं. त्यांनी दोन नावांवर रेघ मारली. उरले अडतीस. मला इतकं वाईट वाटलं की फुटून जावंसं वाटलं.

काका दोन दिवस शिवणाला बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना घेऊन प्रयोगशाळेत हजर. एकाच घरातले, एक वरच्या मजल्यावरचा, एक खालच्या. नात्यानं साडू, दोघांनाही मधुमेह, आणि जिन्यातल्या कपाटावरून अकरा वर्षं छत्तीसचा आकडा. “बिनघोर राहा,” काका बाईंना म्हणाले, “हे दोघं एकमेकांना पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचे नाहीत.”

आणि नाहीच दिला. आणखी तीन महिन्यांनी पाकीट फुटलं. चमत्कार काही झाला नव्हता, पण खरा अर्क घेणाऱ्यांची साखर थोडी जास्त उतरली होती. आता आणखी माणसांवर तपासायचं, असं बाईंनी काका-काकूंना सांगितलं. बाई कागद मिटत असताना काकांनी भीत भीत आमचे नंबर विचारले. बेचाळीस खरी निघाली. मी खोटी.

माझी मान खाली गेली. काका मात्र काकूंकडे बघत राहिले. “म्हणजे तुझ्या वाट्याचं निम्मं मला दिलंस.”

“त्यात काय नवीन?” काकू म्हणाल्या, आणि चपला पायात घालू लागल्या.

आता आम्ही दोघी मशीनच्या फळीवर असतो. तिच्यात सुया, माझ्यात बटणं. तुम्ही कधी अशा चाचणीत गेलात, तर एवढं माझं ऐका. बाटल्या एकत्र करू नका, आणि केल्यात तर वेळीच सांगून टाका. बाकी मला खोटी म्हणून हिणवू नका. तीन महिने बेचाळीसचं निम्मं माझ्याच पोटात होतं.