चपलेचा तुकडा

अनगोळच्या गॅरेजात मायाप्पा मिस्त्री जुन्या फियाटखालून बाहेर आला तो लालबुंद होऊनच. गिअरच्या दांड्याच्या सांध्यात रबरी बुश असायला हवा, तिथं चपलेचा झिजलेला तुकडा तारेनं आवळला होता. मग गिअर पडणार कसा?

“कुठल्या गाढवानं केलंय ह्ये? हात तोडाय पाहिजेत त्येचं!”

गाडीची मालकीण पारमिता हळूच म्हणाली, “आप्पा, तुम्हीच की. जांबोटीच्या रस्त्यावर गाडी अडली, तेव्हा स्वतःची चप्पल कापून तुकडा बसवला होता.”

मायाप्पा पाना आपटून कडाडला, “व्हय, मीच! पर त्यो घरापतोर पोचाय दिलता. नऊ वर्सं झाली, अजून घर गावलं न्हाय व्हय तुमास्नी?”