सफरचंदाच्या झाडावरून अबोला

माझी आई आणि थोरली बहीण नोल्फा एकाच घरात राहतात, एकाच चुलीवर रांधतात, आणि एकमेकींना काही सांगायचं असलं की मला फोन करतात. त्या दक्षिणेला चिलोए बेटावर आणि मी चिलीच्या पार दुसऱ्या टोकाला, वाळवंटात, तांब्याच्या खाणीवर.

कारण म्हणाल तर एक झाड. गोठ्याला लागून सफरचंदाचं जुनं झाड होतं. त्याच्या मुळांनी गोठ्याची फळ्यांची जमीन उचलली होती. आई चर्चला गेलेली पाहून नोल्फानं शेजारच्या रोसेंदोकाकांना बोलावलं आणि झाड पाडून टाकलं. आई परत आली, उरलेल्या बुंध्याकडे बघितलं आणि आत गेली. तेव्हापासून अबोला.

डंपरची टायरं बदलायचं माझं काम. एकेक टायर माझ्या दुप्पट उंच. दिवसभर धूळ खाऊन यावं, जेवावं आणि खाटेवर अंग टाकावं, की फोन वाजलाच.

"एलिसेर, तुझ्या बहिणीला सांग, लाकडं ओली आणलीत. घरभर धूर झालाय."

"आई, ती तिथंच आहे ना?"

"असेल. मी कुठं बघतेय तिच्याकडं?"

मागून नोल्फाचा आवाज यायचा, "तिला विचार, कोरडी कुठून आणू? पाऊस काय माझं ऐकतो?"

"ऐकलंस ना आई?"

"मला काही ऐकू आलं नाही. तू सांग."

मग मी सांगायचो. पत्र्याची गळती, मेंढीचं लंगडणं, सूपमध्ये मीठ जास्त झाल्याची तक्रार, सगळं माझ्यामार्फत. चुलीच्या या बाजूचं बोलणं वाळवंटापर्यंत यायचं आणि चुलीच्या त्या बाजूला जायचं. माझ्या खोलीतला सोबती फाबियान उशी कानावर दाबून म्हणायचा, "तुझ्या बेटावर टपाल खातं नाही का रे?"

एकदा कामावर वाईट घडलं. ते मी घरी सांगितलं नव्हतं. घरी असलं काही सांगायचं नाही अशी माझी रीतच होती. त्याच संध्याकाळी आईचा फोन. नोल्फाचे मोजे चुलीवरच्या दोरीवरून भांड्यात ठिबकतात, ते तिला सांग.

माझा तोल गेला. "एकमेकींच्या झिंज्या उपटा, नाहीतर गळ्यात पडा. मला मधे घेऊ नका. फोनच करू नका आता."

दोघींनी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा दोघींनी माझं काहीतरी ऐकलं.

सुरुवातीला बरं वाटलं. मग फाबियान सुट्टीवर गेला. जेवणघरात आम्ही सगळे एका टेबलाशी बसायचो आणि ज्याचा तो आपापल्या फोनमध्ये बघत खायचा. माझ्या फोनमध्ये बघायला काही नव्हतं. फोन बिघडला असेल म्हणून मी तो दोनदा बंद करून चालू केला, आणि मग स्वतःवरच चिडलो.

शेवटी एका रविवारी मीच घरी फोन लावला. कुणी उचलेना. आईला, मग नोल्फाला, मग पुन्हा आईला लावला. आईचे गुडघे आणि पावसात बुळबुळीत झालेल्या लाकडी पायऱ्या डोळ्यांपुढे यायला लागल्या. मी रोसेंदोकाकांना लावला.

"इथंच आहेत की दोघी," काका म्हणाले. "डुक्कर कापलंय आज. सॉसेजसाठी आतड्यांत मसालेदार मांस भरताहेत. आणि बोलताहेत बाबा, माझ्या बायकोला तोंड उघडू देत नाहीत."

"एकमेकींशी?"

"मग काय डुकराशी?"

नोल्फानं फोन घेतला. मी विचारलं, "अबोला कधी सुटला?"

"केव्हाच. बटाटे काढताना. वाकून वाकून कंबर गेली, मग कोण लक्षात ठेवतं झाड?"

"बटाटे तर उन्हाळ्यात काढलेत. मग इतके दिवस मला..."

"आई म्हणाली, चालू राहू दे. भांडण असलं की पोरगं अर्धा तास बोलतं. नाहीतर तुझं ठरलेलं. जेवलो, ठीक आहे, ठेवतो."

कपाळ बडवून घ्यायचं बाकी राहिलं. इतके महिने थकल्या जिवानं मी ज्यांचे निरोप पोचवत होतो, त्या समोरासमोर बसून मला हसत होत्या. मी म्हणालो, "आईला दे."

आईला काडीची लाज नव्हती. "ओरडून घे," ती म्हणाली. "पण आधी सांग, त्या दिवशी काय झालं होतं?"

"कुठं काय?"

"मोज्यांवरून कुणी असं ओरडत नाही, एलिसेर."

पलीकडे बायका हसत होत्या, कुणीतरी भांडं आपटलं, आणि आई थांबून राहिली. मग मी सांगितलं. आमच्या गटातल्या एकाचा पाय टायरखाली आला होता. मी शेजारीच उभा होतो. त्याचा बूट माझ्याच हातांनी कापून काढला होता.

"वाचला ना?"

"वाचला. पाय अधू झाला."

"आणि तू हे कुणाला सांगितलंस?"

"तुलाच, आत्ता."

मला वाटलं रडतेय. मग तिचा आवाज आला, पण माझ्यासाठी नव्हता. "नोल्फा, इकडे ये, हात पूस आधी. तुझा भाऊ काय सांगतोय ऐक."

आता फोन रोज येतो. दोघी एकदम बोलतात आणि दोघी मलाच रागावतात. हातमोजे घातले होते का, दुसरं काम का बघत नाहीस, घरी कधी येतोस. मी चिडतो, वाद घालतो, ठेवतो म्हणतो. बोलता बोलता जेवण गार होतं.