ओट्याखालचं पाणी

"इथे काही नाही," फेरेती म्हणाला आणि कानाला टेकवलेली लोखंडी सळई त्यानं मातीतून उपसली.

"नीट ऐका ना, काका," मासीना म्हणाली. तिच्या कडेवरचं पोर सळईसाठी हात पसरत होतं. "रस्त्यावरून पाणी निघतं ना? मग माझ्या नळापर्यंत येता येता जातं कुठे? डुकरं पितात?"

"डुकरांना नळ उघडता आला असता तर आणखी काय हवं होतं."

"मग?"

"खडकात जातं. वर चार बोटं माती, खाली सगळा लाव्हा. भेगाच भेगा. आपल्या सामोआत नळी फुटली तरी वर थेंब येत नाही, खालच्या खाली समुद्राला जाऊन मिळतं. म्हणून तर कानानं शोधावं लागतं."

"तेच म्हणते मी. ते कान कुठे गेले?"

फेरेती हसला. दोन पावलं पुढे, नीरफणसाच्या बुंध्याशी त्यानं सळई पुन्हा खुपसली, कंबर धरत वाकला, वरच्या टोकाला कान लावला आणि डोळे मिटले. जन्मभर त्यानं हेच केलं होतं. गावात कुणाचं पाणी कमी झालं की पाणीवाल्या फेरेतीला बोलावणं यायचं. आधी तो घरातले सगळे नळ बंद करायला लावायचा, मग रस्त्यावरच्या मीटरमधला काटा बघायचा. सगळं बंद असूनही काटा हलत असला की गळती जमिनीखाली आहे हे नक्की. मग सळई. नळीला बारीक भोक असेल तर पाणी शीळ घालतं, सांधा सुटला असेल तर कुजबुजतं. कुजबुज ऐकू आली की फेरेती टाचेनं मातीवर खूण करायचा आणि म्हणायचा, "खणा इथे." आणि पाणी तिथेच असायचं.

आज मात्र तो नुसताच वाकत होता. गळती कुठे आहे हे त्याला गेल्या पावसाळ्यापासून ठाऊक होतं. ती मासीनाच्या अंगणात नव्हतीच. पुढे त्याच्या स्वतःच्या अंगणात होती, बायकोच्या, रूताच्या थडग्याखाली.

"नाही सापडत गं," तो उठत म्हणाला. "कान म्हातारे झाले."

मासीनानं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि रिकामी बादली उचलून आत गेली. फेरेतीच्या पुतण्याची ती बायको. पुतण्या न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला, हंगाम संपेपर्यंत यायचा नव्हता. मागे ही, दोन पोरं आणि एक नळ. रस्त्यावरून निघालेली एकच नळी फेरेतीचं अंगण ओलांडून त्याच्या स्वयंपाकघराला पाणी देई आणि तशीच पुढे मागच्या घराला जाई. वाटेत गळेल ते मासीनाच्या वाट्यातलं. फेरेतीला एकट्याला लागतं किती? एक किटली, एक आंघोळ.

ती नळी त्यानंच घातली होती, लग्न झालं त्या साली. जाडजूड लोखंडी नळी, रस्त्यापासून चुलीपर्यंत दोरीत आखल्यासारखी सरळ. तो रस्त्यावर कॉकपाशी बसलेला आणि नवी नवरी रूता स्वयंपाकघरात नळापाशी उभी, अशी त्यांच्या संसाराची सुरुवात. नळजोडणीचं काम एकट्याचं नसतं. एकानं कॉक उघडायचा, दुसऱ्यानं पाणी आलं का ते सांगायचं. पाणी आल्यावर रूतानं हाक मारली नाही, चमच्यानं नळाच्या मानेवर टकटक केलं. ती टकटक नळीतून थेट त्याच्या हातातल्या पान्यापर्यंत पोचली. "कळलं, कळलं!" तो ओरडला होता, "बंद कर आता, वाया घालवू नकोस!" तेव्हापासून टकटक हीच तिची हाक झाली. जेवण तयार झालं, टकटक. पाहुणे आले, टकटक. आणि इतकं करून तोंडाचा पट्टा चालू असायचा तो वेगळाच.

दोन वर्षांमागे रूता गेली. तिला कुठे ठेवायचं असं तिच्या भावांनी विचारलं. इथे सगळे आपापली माणसं घरासमोरच ठेवतात. फेरेतीनं अंगणातली जागा दाखवली, जिथून तिला रस्त्यावरची वर्दळ दिसेल अशी. तिला दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय याची फार हौस. खणताना त्यांना नळी लागली. "आता?" एका भावानं विचारलं. फेरेतीनं पहार घातली, नळी जराशी बाजूला दाबली आणि म्हणाला, "चालेल." दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यानं त्याला फैलावर घेतलं असतं. ताणलेला सांधा आज ना उद्या सुटणार, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पण त्या दिवशी तो पाणीवाला नव्हताच. वर सिमेंटचा ओटा झाला, ओट्यावर ऑकलंडच्या मुलीनं, लुपेनं पाठवलेल्या पैशांतून पांढऱ्या फरशा बसल्या.

सांधा सुटला.

पहिल्यांदा ऐकू आलं ते संध्याकाळच्या प्रार्थनेला. त्या वेळी शंख वाजला की गाव थांबतं. वाटेवरचा माणूस असेल तिथे बसतो, चुलीवरचं चुलीवर राहतं, सगळे नळ बंद होतात. आणि सगळे नळ बंद झाले की नळीतल्या पाण्याला जोर येतो. फेरेती एकटाच ओट्याला पाठ टेकून बसला होता. देवाचं गाणं त्यानं खालच्या पट्टीत सुरू केलं होतं. वरची पट्टी रूताची, ती आता कुणी उचलत नव्हतं, त्यामुळे गाणं म्हणजे नुसतं घोगरं पुटपुटणं झालं होतं. ते संपलं आणि पाठीमागून, फरशीच्या आतून, कुजबुज आली.

त्याला लगेच कळलं काय ते. सांधा, वरच्या बाजूचा, दोन आटे सुटलेला. इतकं सगळं कळूनही तो उठला नाही. दुसऱ्या दिवशीही उठला नाही. मग रोज शंखाची वाट बघायला लागला. लुपे फोनवर म्हणायची, "बाबा, या ना इकडे. तिथे बोलायला आहे कोण तुमच्याशी?" तो म्हणायचा, "आहेत की."

*

मासीना आता समुद्राकाठच्या झऱ्यावरून पाणी आणायला लागली. एके दिवशी तिला उशीर झाला. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन ती फेरेतीच्या अंगणातून मागे चालली होती, आणि तेवढ्यात शंख वाजला. रस्त्यावर पहारा करणाऱ्या पोरांनी हातानंच खूण केली, बसा.

"घ्या!" ती दम खात म्हणाली. "मोठी आहे घरी धाकट्यापाशी, पण चूल पेटलेली आहे."

"बस, बस. ओट्यावर बस."

ती ओट्यावर टेकली. त्यात वावगं काही नाही. थडग्यावर बसून पोरं अभ्यास करतात, बायका तिथे कोकोच्या बिया वाळत घालतात, मेलेली माणसं काही सोवळ्यात नसतात. फेरेती दुसऱ्या टोकाला बसला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, तिला कुठे बसवलंय ते. पण शंख वाजल्यावर कुणाला ऊठ म्हणता येत नाही.

त्यानं गाणं सुरू केलं, नेहमीपेक्षा मोठ्यानं. मासीनानं वरची पट्टी धरली. तिचा आवाज रूतापेक्षा पातळ होता, पण जागच्या जागी लागत होता. फेरेतीनं एक गाणं संपल्यावर दुसरं धरलं, दुसरं संपल्यावर एक लांबलचक प्रार्थना, ज्यात त्यानं राज्यकर्त्यांपासून सफरचंदांपर्यंत सगळ्यांसाठी काही ना काही मागितलं. शेवटी मागण्यासारखं काही उरलं नाही.

गाव गप्प होतं. ओट्याखालून पाणी बोलायला लागलं.

मासीनानं मान वळवली. तळहात फरशीवर ठेवला, तसाच ठेवून राहिली. मग तिनं पायाशी ठेवलेल्या बादल्यांकडे बघितलं आणि नंतर फेरेतीकडे. फेरेती रस्त्याकडे बघत होता.

वेळ संपल्याचा शंख झाला. ती उठली, बादल्यांच्या कड्या बोटांत नीट बसवल्या.

"काकू अजून बोलतात," ती म्हणाली.

फेरेती लुंगीची गाठ पुन्हा घट्ट करायला लागला.

"किती बोलायच्या, नाही?" ती हळूच हसली. "मी नवी नवी आले तेव्हा इथे फक्त त्याच बोलायच्या माझ्याशी. बोलू द्या, काका. झरा काही लांब नाही."

आणि बादल्या हिंदकळू न देता ती मागच्या घराकडे गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच फेरेतीनं रस्त्यावरचा कॉक बंद केला. बंद केल्यावर त्याला सुचलं, की शेवटचं एकदा ऐकायला हवं होतं. नळीत उरलेलं पाणी जाईपर्यंत थोडा वेळ असतो. तो लुंगी सावरत अंगणात धावला, या वयात धावावं तसं, आणि ओट्याला कान लावला. पोचेपर्यंत संपलं होतं. रूताच्या वेळी दवाखान्यातही असंच झालं होतं.

मग त्यानं पहार घेतली.

उन्हं चढली तशी ओलीता आली. रूताची मोठी बहीण, गावच्या महिला समितीची प्रमुख. घरोघर जाऊन कुणाच्या चटया मळल्या, कुणाचा संडास घाण आहे ते बघणं हे तिचं काम, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

"काय रे, अंगणात साप काढलायस का?" ओट्याला वळसा घालून खणलेला चर बघत ती म्हणाली. "तू तर नळ्या सरळ घालतोस म्हणे. गावभर सांगत फिरायचास."

"सरळ घातली तर तुझी बहीण आड येते, अक्का."

"ती जन्मभर आली आडवी. तेव्हा नाही वळसा घातलास तो."

"तेव्हाही घालत होतो. दिसत नव्हता."

ओलीता खो खो हसली आणि ओट्यावर बसली. सोबत आणलेला कोकोचा कप तिनं त्याच्यापुढे धरला. तो चरात उभा राहूनच प्यायला. ओट्याच्या दोन्ही बाजूंना जुनी नळी कापलेली होती. मधल्या तुकड्याच्या दोन्ही तोंडांना त्यानं बुचं आवळून बसवली होती. तो तुकडा राहिला खाली, रूतापाशी.

"फरशी नाही फोडलीस," ओलीता म्हणाली.

"नाही."

"बरं केलंस." तिनं फरशीवरचं वाळकं पान बोटानं झटकलं. हे पान समितीच्या नजरेतून सुटलं नसतं. "नळापाशी उभं राहायला कुणी हवंय? मी थांबते. मला काय, गुडघे दुखतात पण तोंड चालतं."

फेरेतीनं कपातला गाळ मातीवर ओतला.

"नको, अक्का. मी करतो काहीतरी."

तिनं कप घेतला आणि निघाली. जाता जाता म्हणाली, "चटया झटक. धूळ साचलीय." ती घरात डोकावलीही नव्हती.

दुपार कलताना काळी प्लास्टिकची नवी नळी चरात बसली. सांधे आवळले, पुन्हा तपासले, वर बारीक रेती टाकली म्हणजे लाव्ह्याची धार नळीला लागणार नाही. माती मात्र लोटली नाही. पाणी सोडून बघितल्याशिवाय माती लोटायची नसते, हे त्यानं कितीजणांना दरडावून सांगितलं होतं. आता एवढंच राहिलं होतं.

सळई ओट्याशी पडलेली होती. तिचं टोक त्यानं दोन फरशांच्या फटीत टेकवलं आणि कान लावला. आत काही नव्हतं. स्वतःच्याच रक्ताची धडधड तेवढी होती.

तो स्वयंपाकघरात गेला. नळ पूर्ण उघडा केला. चमच्यांच्या बरणीकडे त्याची नजर गेली, मग फळीवर. फळीवर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता, रूता त्यात साखर ठेवायची. साखर त्यानं पातेल्यात ओतली. डबा नळाखाली पालथा घातला, जरा हलवून बघितला, धार बरोबर मधोमध पडेल असा. मग अंगण ओलांडून रस्त्यावर गेला, कॉकपाशी उकिडवा बसला आणि पाना फिरवला.

पाणी नव्या नळीत शिरलं. आधी हवा खोकली. चरातून वळसा घेत, ओट्याला न शिवता पाणी पुढे गेलं. फेरेतीचा हात पान्यावर होता, पण पान्यात काही येणार नव्हतं, प्लास्टिकमधून टकटक येत नाही. तो नुसता ऐकत राहिला. एक टपका. मग दोन. मग पत्रा घणघणायला लागला, अंगणभर, रस्त्यापर्यंत. तिकडे मागच्या घरातून मासीनाची मोठी मुलगी किंचाळली, "आई, आलं! धो धो आलं!" आणि त्यापाठोपाठ बादली भरल्याचा आवाज आला.

फेरेती गुडघ्यावर हात टेकून उठला. आयुष्यात त्यानं एक थेंब कधी वाया जाऊ दिला नव्हता, पण तो डबा त्यानं जरा वेळ वाजू दिला.

"कळलं, कळलं," तो म्हणाला, आणि नळ बंद करायला घराकडे निघाला.