मोहाखाली मुका पडलेला मोबाइल

मित्रांनो, तडकलेल्या काचेचा मी एक जुना मोबाइल आहे आणि सोनाळ्यात तानाबाईंच्या घरी राहतो. कारखान्यात हजारो भावंडांबरोबर माझा जन्म झाला. पुढे मी धम्मशीलाच्या हाती आलो. ती बी.एस्सी. शिकायला खामगावला गेली, तिला नवा मोबाइल मिळाला आणि मी तिच्या आईवडिलांकडे, तानाबाई आणि दयाराम यांच्याकडे, राहिलो.

जाण्यापूर्वी तिने माझ्यात 'जागल्या' नावाचे ॲप घातले. कोणाला एखाद्या गावाजवळ अस्वल दिसले की तो त्यात कळवतो आणि ज्यांनी ते गाव निवडले आहे, त्या सगळ्यांच्या मोबाइलवर भोंगा वाजतो. ॲप उघडलेले नसले, पडदा काळा असला, तरी संदेश आत येतो. मात्र तो दाखवायला आणि वाजवायला मालकाची परवानगी लागते. धम्मशीलाने ती दिली होती. "पोरीनं घरात राखणदार ठेवला," असे तानाबाई शेजारणींना कौतुकाने सांगत.

एका रविवारी बुद्धविहारात वंदना चालू होती. सगळे डोळे मिटून बसले होते आणि दयारामांच्या खिशात मी कोकललो.

"काहो दयारामभाऊ, अस्वलालेही वंदनेले बोलावलं काय?" शेजारच्या शालूबाई म्हणाल्या. विहारात हशा पिकला.

दयाराम ओशाळून बाहेर आले. नुसता आवाज कमी करून भागले असते. पण त्यांनी सेटिंग उघडून जागल्याची सूचनांची परवानगीच काढून घेतली. "आता बोंबल बे!" ते मला म्हणाले. घरी गेल्यावर ते विसरले. तानाबाईंना काही कळलेच नाही.

मग चैत्रातली ती पहाट आली. तानाबाई शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाची फुले वेचत होत्या. मी फांदीला टांगलेल्या पिशवीत होतो. अस्वलालाही ही फुले आवडतात, म्हणून तर त्या मला सोबत आणत. मी गप्प आहे म्हणजे रान मोकळे आहे, असा त्यांचा विश्वास होता.

आणि संदेश आला. 'अस्वल नाल्याकडून मोहाच्या धुऱ्याकडे निघाले आहे.' मित्रांनो, तो माझ्या आत उतरला. भोंगा तयार होता, पण परवानगी नव्हती. पडदा काळाच राहिला. नाल्याकडे वाळलेली पाने चुरचुरली. तानाबाई पाठमोऱ्या वाकून काहीतरी गुणगुणत होत्या. पाने पुन्हा चुरचुरली, आता जवळ. मला सगळे माहीत होते आणि मला साधे थरथरताही येत नव्हते.

तेवढ्यात मी वाजलो! भोंगा नव्हे, फोन. फोनची परवानगी वेगळी असते. तिला दयारामांनी हात लावला नव्हता.

"काय वं, सकाईच?" तानाबाईंनी विचारले.

"माय, भोंगा आयकला नाही काय? कुठं हाय तू?" पलीकडे धम्मशीला होती; खामगावात तिच्या नव्या मोबाइलवर भोंगा वाजला होता.

"मोहाखाली. कायचा भोंगा?"

"टोपली ठेव तिथंच! नाल्याच्या अंगानं अस्वल येऊन राह्यलं! पयू नको, पाठ दाखवू नको. मांगं मांगं सरक."

तानाबाईंच्या कानशिलातले ठोके माझ्या काचेला जाणवत होते. झुडपातून काळे, केसाळ डोके बाहेर आले. त्या एकेक पाऊल मागे सरकत राहिल्या. अस्वल थांबले, त्याने हुंगले आणि टोपलीत तोंड घातले. रस्ता लागेपर्यंत त्यांनी मला कानापासून दूर केले नाही.

घरी हे ऐकून दयारामांनी मला उचलून पाहिले. "म्या तं फक्त वंदनेपुरतं बंद केलं होतं."

"केलं ते केलं. मले सांगाचं तं होतं!" तानाबाई म्हणाल्या.

धम्मशीलाने फोनवरून सांगत सांगत परवानगी पुन्हा चालू करून घेतली. आता वंदनेला जाताना दयाराम मला घरी ठेवतात. मोहाला निघताना तानाबाई जागल्यातले चाचणीचे बटण दाबतात. मी कोकललो, तरच उंबरा ओलांडतात.

मित्रांनो, आम्हाला गप्प करायचे तर खुशाल करा. पण कशाचा आवाज बंद केला, ते घरात सांगून ठेवा. आम्ही गप्प आहोत म्हणजे धोका नाहीच, असे समजू नका. त्या पहाटेपासून पडदा काळा झाला, की मला वाळलेली पाने चुरचुरताना ऐकू येतात.