आयोवरचा डोंगर

रहाटणीची श्रद्धा कांबळे चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासायची. नोकरी सांभाळून ती आकुर्डीच्या निरंजन सरांच्या हौशी खगोल गटात काम करत होती. गुरूच्या आयो या चंद्राजवळून एक यान जाणार होतं. त्याच्या कॅमेऱ्यानं कुठल्या क्षणी कशाचा फोटो घ्यायचा, ती यादी करायचं काम या गटाकडं आलं होतं. आयो म्हणजे ज्वालामुखींनी भरलेला चंद्र, आणि यान इतक्या जवळून पुन्हा जाणार नव्हतं.

यादीत बारा फोटो होते. सातवा श्रद्धाचा. दिवस-रात्रीच्या सीमेवरचा एक डोंगर. तिथं ऊन तिरपं, सावली लांब. सावली मोजली की उंची कळणार. तीन महिने शिफ्ट संपल्यावर तिनं त्याचंच गणित केलं होतं.

मग यान चालवणाऱ्यांचा निरोप आला. किरणोत्सर्गानं कॅमेरा बिघडत चाललाय, फोटोंत दाणे येतात आणि असे फोटो जास्त जागा खातात. यानाच्या मेमरीत आठच बसतील.

"तळ्याचे दोन आहेत, त्यातला एक काढा ना सर," श्रद्धा म्हणाली. तळं म्हणजे लाव्हाचं.

"आणि एक बिघडला तर? लोकांना तळंच बघायचंय."

"सावली परत अशी मिळायची नाही."

सरांनी यादी पुन्हा वरपासून तपासली. शेवटी दुसरेच चार काढले. "राहू दे तुझा डोंगर. यादी शुक्रवारी संध्याकाळी जाईल."

शुक्रवारी तिची पहिली शिफ्ट होती. मोबाईल गेटवर जमा. साडेतीनला हातात घेतला, तर सरांचे सहा मिस्ड कॉल आणि खाली मेसेज: 'त्यांनी यादी दोनलाच मागितली. आता सातच बसतील म्हणाले. डोंगर काढावा लागला.'

तिनं तिथंच उभं राहून फोन लावला. "सर, मला विचारायचं तरी."

"सहा वेळा विचारलं की गं."

तिनं फोन ठेवला. बसमध्ये शेजारी कँटीनच्या मंजुळाबाई होत्या. "तोंड का उतरलंय, पोरी?"

"एक डोंगर गेला, मावशी."

"आमचाबी गेला. कंपन्यांखाली," म्हणून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

फोटो आले. तळ्याचे दोन्ही झकास, आणि जवळजवळ सारखेच. अहवाल लिहायला श्रद्धालाच सांगितलं. शेवटी तिनं लिहिलं, 'डोंगराची उंची मोजायची राहिली.'

"हे कशाला?" सरांनी विचारलं.

"राहिली म्हणून."

सरांनी वाक्य खोडलं नाही. पण तिचा राग त्यानं गेला नाही. कितीतरी दिवस ते दोन सारखे फोटो समोर आले, की ती लॅपटॉप मिटून टाकायची.